मागे राहिलेली रेघ

नळी करंगळीच्या पेराएवढी... आणि ती मुठीत होती, बर्फात नव्हती. फोन ठेवल्यावर तिचं लक्ष गेलं. आईशी बोलता बोलता वीस मिनिटं गेली होती. नळीतल्या ज्या प्रोटीनला तीन वर्षं तिनं बर्फाबाहेर डोकावू दिलं नव्हतं, ते वीस मिनिटं तिच्या तळव्याच्या उबेत.

उरलंसुरलं प्रोटीन डीएनएत मिसळून भरलेल्या नळ्यांतली ही शेवटची; बाकीच्या बर्फात होत्या. शुक्रवारपर्यंत काही दिसलं नाही तर हे काम बंद, असं सर म्हणाले होते; आणि आज शुक्रवारच.

“बसलं का गं तुझं ते?” आईनं फोनवर विचारलं होतं. आईला एवढंच ठाऊक, की रोपाच्या पेशीत डीएनएचा लांबच लांब धागा असतो, त्यावर नेमक्या जागी एक प्रोटीन येऊन बसतं, आणि ते बसलं की निजलेलं जनुक जागं होतं, रोपाला कळी धरते.

“नाही बसत. रुसलंय.”

“तू तरी कुठं नीट बोलावतेस? तुला उठवायला मी काय गार पाणी ओतायचे?”

नव्हती ओतत. पाठीवरून हात फिरायचा — खरबरीत, ऊबदार — आणि वर ती गुणगुण, ऊठ गं कळी, दार उघड, उन्हानं पायरी गाठली... फोनवर ती ओळ आठवली, तिथंच मूठ मिटली असावी.

फेकून द्यावी? पण टाकवेना. बर्फातल्या नळ्यांमधल्या थेंबांच्या शेजारी तिनं तिच्यातलाही थेंब जेलमध्ये सोडला आणि वीज चालू केली. त्या लिबलिबीत चौकोनातून डीएनए खाली धावत सुटतो. मोकळा असेल तो थेट तळ गाठतो, ज्याच्यावर प्रोटीन बसलंय तो जड, तो मागे राहतो. तीन वर्षं सगळे तळालाच. बरोबरीच्याही अशाच सुटल्या होत्या — कुणी नोकरीला, कुणी दूरदेशी, कुणाचं पोर शाळेत जाऊ लागलं — आणि ही अजून त्याच डगमगत्या स्टुलावर. “तुझं कधी गं?” म्हणणाऱ्या मावशीला सांगणार तरी काय...

दोन तासांनी पडद्यावर जेलचा फोटो आला; डीएनएच्या सगळ्या रेघा तळाशी. शेवटच्या रांगेत एक फिकी, वर. तिनं कोटाच्या बाहीनं पडदा पुसला. रेघ पुसली गेली नाही.

“हे काय केलंस?” सर खुर्ची ओढत म्हणाले.

“हातात राहिली, सर. फोनवर होते.”

“हातात.” त्यांनी चष्मा काढला. “आणि तीन वर्षं मी बर्फ, बर्फ म्हणून घसा कोरडा करतोय.”

“हो, सर.”

“एका रेघेनं काही ठरत नाही. नवं प्रोटीन करायला किती दिवस?”

“पंधरा.”

“मग प्रोटीन नसलेली नळीही तेवढाच वेळ हातात धर, म्हणजे रेघ प्रोटीनची की नुसत्या उबेची, ते कळेल. आणि फोन आईलाच कर, नाहीतर प्रयोग बदलेल.”

शुक्रवारचं काय, ते ना त्यांनी काढलं, ना तिनं विचारलं.

ते गेले. पंधरा दिवसांनी रेघ येईल, न येईलही. ती त्या एकटीकडे बघत राहिली — सगळ्या पळाल्या आणि ही तेवढी वर... मागे पडलेय, मागे पडलेय, असं किती घोकत आले मी. कुणीतरी धरून ठेवलंय म्हणूनही मागे राहतं की माणूस.

पडदा विझला. काळ्या काचेत तिला आपला हात दिसला. मूठ पुन्हा मिटलेली, रिकामी, आणि आत अजून ऊब होती.