गोटी सोडायची, ढकलायची नाही

पोरीने आईबापाला तीन दिवस समुद्राकाठी पाठवायचं ठरवलं, तेव्हा फरशीवाला आधी "कशाला" म्हणाला, मग "बघू" म्हणाला, आणि पोरीने खोली ठरवूनच टाकल्यावर गप्प बसला. शुक्रवार, शनिवार, रविवार. टेकडीवरचं छोटं लॉज, खिडकीतून पाणी दिसतं. बायकोने पिशवी भरली, दोनदा रिकामी केली, तिसऱ्यांदा भरली. चाळीस वर्षं लोकांच्या फरश्या बसवणाऱ्या माणसाबरोबर संसार केला, पण दुसऱ्या कुणी पुसून ठेवलेल्या फरशीवर चालायचा योग तिला पहिल्यांदाच येत होता.

गावाचं नाव ऐकल्यावर फरशीवाल्याच्या मनात काहीतरी हललं होतं. तरुणपणी ठेकेदाराबरोबर तो या किनाऱ्याने गावोगाव फिरला होता. पण अशा गावात लॉजं पन्नास, आपण काय नेमके त्याच दारात जाणार, असं म्हणून त्याने तो विषय मनातच मिटवला.

बस चढ चढून थांबली आणि समोर तेच दार उभं. तेव्हा हिरवं होतं, आता निळं. बाकी दगडी पायऱ्या त्याच, आणि सातवी पायरी तेव्हासारखीच आखूड.

"अहो, चला की. का खांब झालाय तुमचा?" बायको म्हणाली.

खोली वरच्या मजल्यावर होती. बायको धावत खिडकीशी गेली आणि समुद्राला "अगं बाई" म्हणाली, जणू माहेरचं माणूस भेटलं. फरशीवाला मात्र बाथरूमच्या दाराशी उभा राहिला. पांढऱ्या फरश्या, भिंतीलगत निळ्यांची एक ओळ. उंबऱ्याला आतून जुन्या टॉवेलची गुंडाळी लावलेली. त्याने तांब्याभर पाणी ओतलं. पाणी क्षणभर विचारात पडल्यासारखं थांबलं आणि कोपऱ्यातल्या जाळीकडे जायचं सोडून सावकाश त्याच्या पायाशी आलं.

त्याने टॉवेलने पाणी टिपलं आणि दार ओढून घेतलं.

चारच्या सुमाराला मालकीणबाईंनी दोघांना खाली चहाला बोलावलं. पन्नाशी ओलांडलेली बाई, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, बोलायला मोकळी. धुतलेल्या चादरींच्या घड्या घालता घालता बोलत होती.

"बाथरूममध्ये जरा जपून हं, ताई. पाणी दाराकडे येतं. घर जुनं, एका अंगाला दबलंय म्हणतात सगळे. माझ्या सासूबाई तिथेच पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. सात वर्षं खाटेवर होत्या."

"अरेरे," बायको म्हणाली.

"घाईच फार त्यांना. बघून पाय टाकायचा नाही. किती वेळा सांगायचं माणसाला?" मालकीणबाईंनी चादरीला झटका दिला. "आता नाहीत म्हणून बोलू नये, पण सात वर्षं मी केलं सगळं."

फरशीवाल्याने कप बशीवर ठेवला. सात वर्षं. त्याने मनात हिशेब करून पाहिला आणि अर्ध्यातच सोडला.

"घर दबल्याने असं होत नाही हो," बायको म्हणाली. "आमच्या यांना विचारा. चाळीस वर्षं हेच काम. सगळे गोटीमास्तर म्हणतात यांना. फरशी बसवून झाली की काचेची गोटी सोडतात. गोटी जाळीवर गेली तरच पैसे घेतात. आमची पोर झाली ना, मला कळा सुटलेल्या, हे असेच कुठेतरी समुद्राकडच्या कामावर. निरोप मिळाला तरी काम पुरं केलं, गोटी सोडून बघितली, मगच बस धरली. सिमेंटच्या हातांनी दवाखान्यात आले. नर्सने आधी हात धुवायला पिटाळलं यांना."

ही गोष्ट तिने पोरीला शंभरदा सांगितली होती, जावयाला दहादा, शेजारणींना तर मोजदाद नाही. एरवी फरशीवाला या जागी ओशाळून हसायचा. आज त्याला हसू आलं नाही.

"गोटी आहे का आत्ता?" मालकीणबाईंनी गमतीने विचारलं.

"खिशातच असते. बायकोला विसरतील, तिला नाही. अहो, दाखवा की यांना."

नाही कसं म्हणायचं? तिघं वर गेले. फरशीवाला बाथरूमच्या मधोमध उकिडवा बसला. मागे दोन बायका दारात. त्याने गोटी फरशीवर टेकवली. हिरवी गोटी, आत पिवळी रेघ. दोन बोटं उघडली की झालं, गोटी आपली वाट आपण शोधते. इतकी वर्षं त्याने हेच केलं होतं. हाताखालच्या प्रत्येकाला हेच शिकवलं होतं की गोटी सोडायची, ढकलायची नाही.

त्याने अंगठ्याने गोटीला हलकेच टिचकी दिली.

गोटी जाळीकडे गेली. टक्कन वाजली. परत फिरायच्या आत त्याने पुढे वाकून उचलली.

"उतार बरोबर आहे," तो म्हणाला. "घरच दबलं असेल."

"बघा, मी म्हटलं नव्हतं? घाईच त्यांची," मालकीणबाई म्हणाल्या आणि किल्ल्या वाजवत खाली गेल्या.

बायको दारातून बाजूला झाली, एवढंच.

त्या संध्याकाळी दोघं वाळूवर फिरून आले. शनिवारी सकाळी पुन्हा गेले. समुद्र चांगलाच होता, त्याला कोण नावं ठेवणार. लोक पाण्यात शिरत होते, ओरडत होते, एकमेकांचे फोटो काढत होते. बायकोने पाय भिजवले आणि बाकावर येऊन बसली. फरशीवाला बडबडत राहिला. कधी नव्हे तो पक्ष्यांबद्दल बोलला, बोटींबद्दल बोलला. त्याला बोटींतलं काडीचं कळत नाही हे तिलाही ठाऊक होतं.

"थंडी वाजतेय. शाल घेऊन येते," बायको म्हणाली आणि टेकडी चढून गेली.

ऊन चटचट लागत होतं.

ती परत आली तेव्हा खांद्यावर शाल नव्हती. ती बाकावर त्याच्यापासून हातभर लांब बसली. मूठ उघडली. तळव्यावर हिरवी गोटी.

फरशीवाल्याने खिसा चाचपला. सकाळी घातलेली पँट वेगळी होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो गोटी विसरला होता.

"मी सोडून बघितली," ती म्हणाली. "तीनदा. तिन्ही वेळा माझ्या पायाशी आली. काल तुम्ही अंगठा लावलात."

त्याला वाटलं, वाळूने आपल्याला पोटात घ्यावं. पण वाळूही जागची हलली नाही. शेजारून एक बाप लेकराला खांद्यावर घेऊन गेला.

"दुसऱ्याचं वाईट काम तुम्ही का झाकाल?" बायको म्हणाली. "मी रात्रभर हाच विचार केला. दुसऱ्याची चूक दिसली की तुम्हाला जेवण जात नाही. मग हे झाकलंत का?"

"माझंच आहे ते."

तिने मान हलवली. तिला ते आधीच कळलं होतं. फक्त त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"कधीचं?"

त्याने पायाने वाळू उकरली. ती समुद्राकडे बघत राहिली. बघता बघता तिचा चेहरा उतरला.

"पोरीच्या वेळचं," ती म्हणाली.

"निरोप आला तेव्हा दाराजवळची शेवटची ओळ उरली होती. कुठेतरी उतारासाठी ताणलेली दोरी सरकली होती. मला कळलं होतं. उखडून पुन्हा बसवायला दोन दिवस गेले असते. लॉजच्या तेव्हाच्या म्हाताऱ्या मालकांनी विचारलं, गोटी सोडली का रे? मी म्हटलं, सोडली."

"आणि गोटी?"

"खिशात होती."

"खिशात होती," बायको म्हणाली. जरा वेळाने पुन्हा तेच म्हणाली. "आणि मी इतकी वर्षं गावभर डांगोरा पिटत होते. तुम्ही शेजारी बसून ऐकत होता. एकदा तरी मला थांबवायचं."

"तुला बरं वाटायचं."

"माझ्या नावावर घालू नका."

खरंच होतं. बरं त्यालाही वाटायचं. तिच्या तोंडून ऐकता ऐकता कधीकधी त्याला वाटायचं की गोटी खरंच सोडली असावी.

"ती म्हातारी सात वर्षं खाटेवर पडून सुनेची बोलणी खात होती," बायको म्हणाली. "बघून चाल, बघून चाल. कुठे बघायचं होतं तिने? जा तुम्ही. मी येणार नाही."

मालकीणबाई मागच्या अंगणात दोरीवर चादरी घालत होत्या. फरशीवाला दोन चादरींच्या मधे उभा राहिला. काय बोलायचं ते वाटेत जुळवलेलं सगळं विसरला आणि उलटीकडून सुरुवात झाली.

"बाई, काल मी गोटीला अंगठा लावला."

"म्हणजे काय, दादा?"

मग त्याने सांगितलं. निरोपाचं सांगितलं, पण त्यावर भर दिला नाही. दोरीचं सांगितलं, म्हाताऱ्या मालकांशी बोललेल्या खोट्याचं सांगितलं. मालकीणबाई ऐकत होत्या. हातातला चिमटा त्या उघडत होत्या, मिटत होत्या.

"मी लग्न होऊन आले ती त्याच्या पुढच्या वर्षी," त्या शेवटी म्हणाल्या. "पाणी तेव्हापासूनच दाराशी यायचं. मला वाटलं, असतं एकेका घराचं." मग म्हणाल्या, "त्या स्वतःच म्हणायच्या, माझीच चूक, मीच धांदरट. त्यांना तसं म्हणायची सवय मीच लावली. पाठ पुसायला वळवलं की मी म्हणायचे, बघून चालला असतात तर."

फरशीवाल्याची मान वर होईना. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी करून देतो, बाई. उद्या, नाहीतर पुढच्या आठवड्यात येऊन. सामान माझं."

"नको," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "तुमच्या हातून नको." आणि चादरीआड गेल्या.

रविवारी सकाळी दहाच्या बसने निघायचं होतं. नऊलाच गल्लीतला गवंडी पाणसळ आणि छिन्नी घेऊन हजर झाला. सुट्टीच्या दिवशी आला म्हणजे निरोप तसाच कडक गेला असणार. फरशीवाला पिशवी घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभा. बायको त्याच्या मागे. मालकीणबाई बाथरूमच्या दारात.

गवंड्याने पाणसळ फरशीवर ठेवली, बुडबुडा पाहिला, फिरवून पुन्हा पाहिला आणि हसायला लागला.

"काय हो बाई, कोणा आंधळ्याने केलंय हे? सांधे बघा कसे दोऱ्यासारखे सरळ. हात चांगला आहे माणसाचा. आणि उतार उंबऱ्याकडे? असं चुकून होत नाही. याला कळत होतं."

मालकीणबाईंनी फरशीवाल्याकडे बघितलं नाही. नुसत्या थांबल्या.

फरशीवाल्याने पिशवी खाली ठेवली. घराघरांत, ठेकेदारांसमोर, हाताखालच्या माणसांसमोर त्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामावर हेच वाक्य टाकलं होतं. याला कळत होतं.

"मी केलंय," तो म्हणाला.

गवंड्याचं हसू विरलं. त्याने फरशीवाल्याच्या हातांकडे पाहिलं, नखांच्या कडांकडे पाहिलं, आणि धंद्यातला माणूस ओळखून नजर फिरवली. छिन्नीचा पहिला घाव बसला. दाराजवळची ओळ आधी निघाली.

बसमध्ये बायको खिडकीशी बसली. गोटी तिच्याकडेच होती. त्याने मागितली नाही. चढ उतरून समुद्र दिसेनासा झाला तोच तिचा फोन वाजला.

"हो, निघालो," ती पोरीला म्हणाली. "समुद्र? चांगला आहे. मोठा आहे. ... नाही गं, आजारी नाहीत. आहेत शेजारी. थांब, तुझ्या बाबांना तुला काहीतरी सांगायचंय."

तिने फोन त्याच्यापुढे धरला. त्याने नको म्हणून हात हलवला. तिने फोन मागे घेतला नाही.

"सांगा," ती म्हणाली. "माझ्याकडून ती ऐकत आली. आता तुमच्याकडून ऐकू दे."

फरशीवाल्याने फोन कानाला लावला. पलीकडून पोर "बाबा, बाबा" करत होती.

"अगं," तो म्हणाला, "तू झालीस ना, त्याच्या आदल्या दिवशी माझी गोटी खिशातच होती."