चालता रस्ता

महाराष्ट्र नुकताच झाला होता. चिखलीतलं आमचं फोटोमंडळ दर महिन्याला एक विषय देई. या खेपेला विषय होता ‘चालता रस्ता’. मी बाजारातला फोटो ठेवला. कॅमेरा दिसताच अख्खा रस्ता थांबला होता. भाजीवाली पदर सावरून उभी, गाडीवानानं तर बैलांची तोंडंही माझ्याकडे वळवलेली.

“याले चालता रस्ता म्हणतात काय बे, इंद्रभान?” परीक्षक उत्तमराव कडाडले. “माणसाले कळू न देता फोटो काढा लागते. हे तर लग्नातले वऱ्हाडी उभे केले तू.”

मला चीड आली. मी भिंग त्यांच्या हाती दिलं आणि फोटोतल्या पानठेल्यावर बोट ठेवलं. तिथं टोपी सारखी करून, छाती पुढे काढून खुद्द उत्तमरावच उभे होते.

त्यांनी भिंग फोटोच्या आणखी जवळ नेलं.

“टोपी जराशी वाकडीच राह्यली,” ते म्हणाले. “उद्या पुन्हा काढ. मी तिथंच उभा राहतो.”