हाशमभाईंची घोडी

माझं खरं नाव उखर्डू. माझ्याआधीची दोन पोरं गेली म्हणून आईनं मला उकिरड्यावर ठेवून परत उचललं, तेव्हाचं ते नाव. बिल्डर झाल्यावर मी बोर्डावर यू. टी. पाटील करून टाकलं. खरं झाकायची सवय मला तेव्हापासूनची.

जळगावात मेहरूणला माझे तीन टॉवर आहेत. फ्लॅट कधी मिळणार असं कुणी विचारलं की मी "बघू" म्हणतो. पुण्याच्या रेसकोर्सवर माझा घोडा पळतो, त्याचंही नाव टॉवरचंच ठेवलंय, रॉयल मेहरूण. दोनदा जिंकला, तेव्हापासून माझे पाय काही जमिनीवर टेकेनात.

माझ्या एकुलत्या पोराचं, तेजसचं लग्न धुळ्यात ठरलं. मिरवणुकीला व्याह्यांनी सोनगीरच्या हाशमभाईंची घोडी सांगितली होती. माझं डोकंच फिरलं. घरचा रेसचा घोडा असताना माझा पोरगा भाड्याच्या घोडीवर बसणार? नाक कापायचं काय माझं? मी पुण्याहून गाडीत घालून घोडा आणवला. ट्रेनर नको नको म्हणत होता, मी त्याचा फोन कट केला.

मिरवणुकीच्या जागी हाशमभाई आपली पांढरी घोडी घेऊन आधीच उभे होते. साठी उलटलेला माणूस, दाढीला मेंदी. माझा घोडा बघून जवळ आले आणि हळूच म्हणाले, "शेठ, हाऊ शर्यतना घोडा शे. ह्याले बँड माहीत नाही. मनी घोडीले चारा टाकताना कानपाशी डबा वाजाडीसन शिकाडेल शे. पोरले हिच्यावर बसाडा."

व्याह्यांकडची चार माणसं ऐकत होती. मी म्हणालो, "चाचा, तुमची घोडी मागं बांधा अन् जेवून घ्या. शिकवायला येऊ नका." सगळे हसले. मीही हसलो.

बँड वाजला, फटाक्यांची माळ लागली आणि घोडा जो उधळला तो सरळ गर्दीत. तेजस वर लोंबकळतोय, बाया किंचाळताहेत. मी? मी मंडपाच्या खांबाला धरून उभा होतो. लगामावर झेप घेतली ती हाशमभाईंनी. तेजस खरचटण्यावर सुटला, पण घोड्याच्या टापेखाली हाशमभाईंचा उजवा हात चेचला.

पोलिस आले. विमा, रेसचं लायसन, पेपरात नाव, सगळं एका झटक्यात डोळ्यांपुढे आलं आणि माझ्या तोंडातून निघालं, "यांच्या घोडीनं लाथ झाडली, म्हणून माझा घोडा बिथरला." हाशमभाई तिथंच जमिनीवर पडले होते. त्यांनी ऐकलं. तेजसनंही ऐकलं. माझा जबाब लिहिला गेला, खाली मी सही केली.

लाथाळ घोडी नवरदेवाला कोण देणार? लग्नसराई भरात असूनही तिला एक सुपारी मिळेना. तेजस माझ्याशी कामापुरतं बोलायचा. शेवटी मी सोनगीरला गेलो. त्यांच्या बायकोनं, मुमताजबींनी, चहा दिला. मी म्हणालो, "माझ्या फार्महाऊसवर या, घोडे सांभाळा." हाशमभाई डाव्या हातानं घोडीला चारा घालत होते. म्हणाले, "नोकरी नको, भाऊ. चार मानसंमा सांगा, घोडीनी चूक नव्हती. ती ते मांगे उभी व्हती." मी हो म्हणालो. परतताना गाडीत ड्रायव्हरसमोर रडू आलं मला, लाज वाटली त्याचीही.

आठ दिवसांनी धुळ्यात व्याह्यांच्या पुतण्याचं लग्न होतं. माझा सत्कार ठेवलेला, अश्वप्रेमी म्हणून! माईक हातात आला. मनाचा हिय्या करून मी बोललो, "त्या दिवशी चूक माझी होती. हाशमभाईंची घोडी निर्दोष आहे."

आणि टाळ्या सुरू झाल्या. मरणाच्या टाळ्या! "शेठचं मन बघा! गरिबासाठी सगळं स्वतःवर घेतलं!" व्याह्यांनी डोळे पुसत माझ्या अंगावर शाल टाकली. मी "अहो, खरंच सांगतोय" म्हणालो, तर टाळ्या आणखी वाढल्या. आणि खोटं कशाला बोलू, त्या टाळ्या मला गोड लागल्या.

खाली उतरलो तर तेजस समोर. लग्नानंतर पहिल्यांदा तो माझ्याशी नीट बोलला, "पप्पा, बरं केलंत. पोलिस स्टेशन इथून दोन मिनिटांवर आहे. चला, जबाब बदलून येऊ. मी येतो सोबत."

त्याचा चेहरा लहानपणीसारखा झाला होता. मी खांद्यावरची शाल नीट केली.

"बघू," म्हणालो.