गर्दी ओसरल्यावर

"यंदा भाऊबीजेला मी नाही," हरिचंद्र म्हणाला. "तुमच्यापैकी कोणीतरी थांबा."

पाण्याच्या टाकीखालच्या खोलीत जितेश कपात चहा ओतत होता. तो थांबला. "काय हरिभाऊ, मजाक करताय का? तुम्ही आणि दिवाळीत गावाला?"

"बहिणीकडे जायचंय. चार दिवस आधी सांगतोय."

बदलापुरात पाणीपुरवठ्यावर हरिचंद्रची एकतीस वर्षं झाली होती. बेलवलीच्या गल्ल्यांना ठरल्या वेळी व्हॉल्व उघडून पाणी सोडायचं आणि वेळ संपली की बंद करायचं, हे त्याचं काम. दिवाळी असो की पंधरा ऑगस्ट, लोकांना पाणी लागतंच. गेली चौदा वर्षं सणाचे दिवस तो आपणहून मागून घ्यायचा. सगळे गावाहून परतले, की मग पाच दिवस रजा काढून ओतूरजवळच्या गावी चांगुणाअक्काकडे जायचा. अक्का त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून गावच्या घरात एकटीच राहायची.

हे असं का, ते सगळ्या स्टाफला माहीत होतं. चौदा वर्षांपूर्वी ऐन दिवाळीत कल्याणच्या एसटी स्टँडवर गाडी लागली, लोकांनी खिडक्यांतून पिशव्या टाकून जागा धरल्या, दाराशी रेटारेटी झाली आणि हरिचंद्रची बायको प्रतिभा पायरीवरून खाली पडली. उजवं मनगट मोडलं. ते नीट बसलं नाही. भाकरी थापताना तिला अजून तो हात जपावा लागतो. सणाच्या सुट्टीत प्रवास करायचा नाही, हे हरिचंद्रनं हॉस्पिटलच्या बाकावरच ठरवून टाकलं होतं.

त्यात काही उणं आहे असं त्याला कधी वाटलं नाही. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास गाडी निम्मी रिकामी असायची. अक्काची मुलं तोवर पुण्याला परतलेली असायची. ती त्याला पाटावर बसवून सावकाश ओवाळायची आणि मग चार दिवस ती बोलायची, तो ऐकायचा.

पण परवा अक्काच्या मुलाचा, रूपेशचा, फोन आला होता.

"मामा, एक बोलू का? राग मानू नका. आई दर भाऊबीजेला चंद्राला ओवाळते."

ज्या बाईला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते.

"शेजारपाजारचे बघतात, मामा. भाऊ आहे ना, मग का असं, असं विचारतात. आम्हालाच कसंतरी होतं. यंदा या ना."

"येतो," तो म्हणाला.

जितेशनं चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. "ठीक आहे, मी थांबतो. पण दिवाळी संपली की आम्ही गोव्याला जाणार. तेव्हा फुल आराम असतो, तुमचंच बघून शिकलो. ते आठ दिवस तुम्ही सांभाळा."

हरिचंद्रनं मान डोलावली.

घरी प्रतिभा म्हणाली, "तुम्ही जा. मला परत हात मोडून घ्यायचा नाही."

भाऊबीजेला तो पहाटे पाचला कल्याणच्या स्टँडवर पोचला. दोन गाड्या सोडल्या, तिसरीत उभं राहायला जागा मिळाली. माळशेज घाटात बाहेर काय आहे ते त्याला दिसलं नाही. पुढ्यात एका माणसाची पाठ होती आणि पायांवर कुणाचीतरी फराळाची पेटी.

अक्काच्या घरी सतरा माणसं होती. ओसरीवर चपलांचा ढीग. अक्का आत चुलीपाशी पुऱ्या तळत होती. तिनं वर बघितलं.

"आलास व्हय हरी? बस जरा. येवढा घाणा काढते."

घाणा संपायला दीड तास लागला. मग रूपेशची बायको तेजल मोबाइल घेऊन पुढे आली. अक्कानं घाईघाईनं पदरानं तोंड पुसलं, हरिचंद्रला कुंकू लावलं आणि तबक फिरवलं.

"आई, परत एकदा. हललं," तेजल म्हणाली.

अक्कानं परत ओवाळलं. "जेवलास का?" तिनं विचारलं, आणि उत्तर यायच्या आत कुणीतरी आतून हाक मारली म्हणून उठून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून सगळ्यांची निघायची घाई. अक्का डबे भरत होती. हरिचंद्रही पिशवी घेऊन अंगणात आला, तेव्हा कुठे ती हात पुसत त्याच्यापाशी येऊन उभी राहिली.

"तुळशीच्या लग्नाला येशील ना?"

"यंदा नाही जमायचं, अक्का. जितेशनं माझी ड्युटी केली, आता त्याची मला करायचीय."

"अस्सं." तिनं त्याच्या पिशवीकडे बघितलं. "ते माझ्या ध्यानातच न्हाय आलं."

परतीच्या गाडीत त्याला बसायला जागा मिळाली. तरी तो घरी पोचला तो दमून.

तुळशीचं लग्न होऊन तीन दिवस झाले होते. दुपारी साडेतीनला हरिचंद्र बेलवलीत व्हॉल्वच्या खड्ड्यावरचं झाकण सरकवत होता. समोरून प्रतिभा येताना दिसली. तिच्यामागून नऊवारीतली अक्का.

"मी म्हटलं घरी बसा, हे संध्याकाळी येतील," प्रतिभा म्हणाली. "ऐकतायत कुठे."

"एकटी आलीस?" हरिचंद्रनं विचारलं.

"मंग? गाडी रिकामी व्हती. खिडकीपाशी बसून आले." अक्का जवळच्या पायरीवर टेकली. दम घेतला. "पोरं म्हनत्यात, घराला कुलूप लाव आन् पुन्याला चल. दिवाळीतच सांगितलं. म्हटलं, हरीला इचारून सांगते. पन त्या गर्दीत कसं इचारू?"

"तुला काय वाटतं?"

"मला न्हाय जायचं."

"मग नको जाऊ."

"येवढंच?"

"एवढंच. रूपेशशी मी बोलतो."

अक्का म्हणाली, "चंद्राला ववाळायचे, त्याचं पोरान्लाच वाईट वाटायचं रं. मला न्हाय. तू मागनं येनार, हे मला म्हाईत असायचं."

हरिचंद्र खाली वाकला. लोखंडी चावी व्हॉल्ववर बसवून त्यानं जोर लावला. थोड्या वेळानं गल्लीतल्या नळांना पाणी आलं. बादल्या वाजायला लागल्या. प्रतिभा चहा टाकायला घरी परतली.

पुढच्या गल्लीची वेळ झाली होती. हरिचंद्रनं झाकण लावलं आणि चावी खांद्यावर टाकली. अक्का गुडघ्यावर हात देऊन उठली, पदर खोचला आणि गोठ्याचा पत्रा कुठे कुठे गळतो ते सांगत त्याच्या बरोबरीनं चालू लागली.