ओल्या माशीचा पुरावा

मानवजातीचे थोर शोध तीनच: आग, चाक आणि मासे फसवायला तांदळाच्या दाण्याएवढ्या गळाच्या आकड्यावर बांधलेली, पाण्यावर तरंगणारी पिसांची माशी. पहिल्या दोहोंवाचून मासे मजेत जगतात. तिसरीमुळेही त्यांचं फारसं काही बिघडत नाही, हे उनित्सा नदीवर आयुष्य काढल्यावर मला मान्य करावं लागतं.

माझी थोरली बहीण झोफका या माशा बांधते. टेबलाला लावलेल्या छोट्या पकडीत आकडा धरायचा, त्याला रेशमाचा धागा आणि कोंबड्याच्या मानेचं पीस गुंडाळायचं, की असा कीटक तयार होतो, ज्याला खुद्द कीटकांनी मागणी घालावी. तिचा नवरा लोय्झे त्यावर ट्राउट आणि ग्रेलिंग जातीचे मासे धरतो. आमच्याकडे मासा धरून परत सोडायचा नियम आहे. त्यामुळे पुरावा म्हणून घरी येते ती फक्त ओली माशी. जिनं मासा धरला ती माशी, बांधणारीच्या तळहातावर ठेवायची, ही रीत.

हिवाळ्यात झोफकाचे हात थरथरू लागले. माशा विसकटलेल्या निघू लागल्या, मारामारी करून आलेल्या कोंबड्यासारख्या. लोय्झेनं गुपचूप शहरातल्या दुकानातून माशा आणल्या. मासे त्यांच्यावर धरायचा, आणि घरी येण्याआधी झोफकाची माशी नदीत बुचकळून तिच्या हातावर ठेवायचा.

मे महिन्यात एकदा तिनं ती माशी दिव्याखाली धरली. मी त्यांच्याकडे सूप पीत होतो.

"लोय्झे, मासा साबण लावून आंघोळ करून आला होता का रे?"

"का गं?"

"तोंडात गेलेल्या माशीला चिकटा लागतो. पिसं एकमेकांना चिकटतात. ही बघ, बाप्तिस्म्याच्या बाळासारखी स्वच्छ!"

लोय्झेनं माझ्याकडे पाहिलं. मी सुपाकडे पाहिलं.

"उद्या मी नदीवर येते," झोफका म्हणाली. "माझ्या माशीकडे मासा फिरकला नाही, तर पकड माळ्यावर. कीव नकोय मला."

"कीव नाही गं. तू त्या टेबलाशी वाकून बसलेली असलीस की घर घरासारखं वाटतं."

"बटाटे सोलत बसले तरी वाटेल. आणि तोने, तू खुर्ची उचलायला ये. सूप फुकट नसतं," ती मला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती काठावर खुर्चीत घोंगडी पांघरून बसली. विलोच्या झाडाखाली एक ग्रेलिंग वर येऊन किडे टिपत होता. झोफकानं डबीतली सगळ्यात विसकटलेली माशी काढून दिली. मुद्दामच.

लोय्झेनं ती टाकली. नीट तरंगेना, अर्धी बुडाली, एक पंख लोंबता. मी मनात पकड माळ्यावर चढवली. मग लक्षात आलं, कात टाकताना अडकलेले किडे असेच वाहत येतात, आणि मासे त्यांनाच आधी खातात, कारण ते उडून जात नाहीत. ग्रेलिंग वर आला, पाठीवरचं शिडासारखं पर उघडलं, आणि सूप भुरकावं तशी त्यानं माशी आत ओढली.

ग्रेलिंगनं माशी घेतली की एक श्वास थांबून मगच काठी ओढायची, हे लोय्झेनं अख्ख्या गावाला शिकवलंय. तो अर्धा श्वासही थांबला नाही. इंगळी डसल्यासारखी काठी उपसली. माशी माशाच्या तोंडातून सुटली ती थेट माझ्या टोपीत रुतली.

"झोफका," लोय्झे म्हणाला, "माती केली गं मी."

"घेतली होती ना पण? नीट?"

"पापणी न हलवता घेतली."

माशांना पापण्या नसतात, पण ते सांगायची ही वेळ नव्हती. त्याचे डोळे भरले होते.

झोफकानं माझ्या टोपीतून माशी सोडवली आणि बोटांत चोळली. "चिकटा!" ती अशी म्हणाली, जशी इतर बायका जावळातल्या नातवाला पाहून म्हणतात. "माझी माशी चालली. नवराच चालला नाही."

तिचा तळहात थरथरत होता. लोय्झेनं त्याखाली आपला हात धरला. तोही थरथरत होता. माशी दोघांच्या हातावर जिवंत असल्यासारखी हलत राहिली.

"पकड टेबलावरच राहू दे," तो म्हणाला.

"राहू दे. आणि आता दोघं मिळून मला उठवा बघू, डाव्या पायाला मुंग्या आल्यात."