सभासद नाही

बाळांनो, डोळ्यांसमोर आणा: नॉर्वेतला एक तरणतलाव, दाराशी लोखंडी फाटक आणि त्यावर लाल दिवा. तो काही केल्या हिरवा होत नाही.

फाटकाचा प्रोग्राम लिहिणारी गुनवोर शेजारच्या बाकावर लॅपटॉप मांडून बसली होती, पार वैतागलेली. आदल्या दिवशी तिनेच प्रोग्राममधला जुना पसारा आवरला होता. तेव्हापासून फाटक येईल त्याला ‘सभासद नाही’ म्हणून परतवत होतं. व्यवस्थापक ओडवार ओळखीचे चेहरे बाजूच्या दाराने आत सोडत होता आणि जाता-येता तिला टोमणे मारत होता.

सुनिवाला मात्र त्याने अडवलं. आठ वर्षांची ही पोर नुकतीच उत्तरेकडून राहायला आलेली. त्याने तिला कधी पाहिलं नव्हतं. आज पोहण्याची परीक्षा होती. ती दिली नाही तर उद्या वर्गाबरोबर होडीच्या सहलीला जाता येणार नव्हतं.

“मी आहे ना सभासदांत?” तिने गुनवोरला विचारलं.

“आहेस गं. कार्डावरचा नंबरसुद्धा बरोबर आहे. पण या ठोंब्या प्रोग्रामला दिसेल तर शपथ.”

बोलता बोलताच गुनवोरने कपाळावर हात मारला. मग तिने पोरीला समजावलं. कार्ड टेकवलं की प्रोग्राम त्यावरून एक नवी सुनिवा, म्हणजे तिच्या माहितीची नवी नोंद, घडवतो आणि ती सभासदांच्या साठवलेल्या संचात आहे का, ते तपासतो. नंबर सारखा असला की ही नवी आणि संचातली जुनी, दोघी एकच समजायच्या, हे त्याला सांगून ठेवावं लागतं. नेमक्या त्याच ओळी पसाऱ्याबरोबर पुसल्या गेल्या होत्या. आता तो ‘ही अगदी तीच वस्तू का’ एवढंच बघत होता. आणि आत्ताच घडवलेली सुनिवा संचात आधीपासून असणार कुठून?

“म्हणजे ओडवारसारखंच,” सुनिवा म्हणाली. “त्यानेही माझ्या कार्डावरचा नंबर बघितला नाही.”



गुनवोरने ओळी परत घातल्या. प्रोग्राम सुरू व्हायला वेळ घेऊ लागला, तशी ती त्याला पुटपुटत शिव्या घालू लागली. आतून शिट्टी ऐकू आली. परीक्षेची रांग लागत होती. ओडवारने बाजूचं दार सताड उघडलं.

“जा, पोरी. उशीर होईल.”

सुनिवाने त्या दाराकडे पाहिलं. मग पिशवी खांद्यावर सावरून ती फाटकापाशी गेली, यंत्रावर कार्ड टेकवलं आणि हिरवा दिवा लागेपर्यंत तशीच उभी राहिली.