टकटक माझी, शेरा त्यांचा

मी एक जुनी खुर्ची आहे, आणि सुरुवातीलाच सांगून टाकते, मला कुणाची कीव नको. जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की लगेच गळा काढतात. मी काढणार नाही. मित्रांनो, माझ्यावर बसून आजवर शेकडो माणसांनी स्वतःची ओळख करून दिली. आज माझी ऐका.

एका मोडलेल्या दाराच्या लाकडातून सुताराने मला घडवलं. चारी बाजूंनी दाबून पाहिलं आणि बायकोला म्हणाला, "हत्ती बसला तरी हलायची नाही ही." हत्ती काही आला नाही. एका बस आगाराने मला विकत घेतलं आणि वरच्या मजल्यावर, मुलाखतीच्या खोलीत नेऊन ठेवलं.

तिथेच घात झाला. टेबलासमोरची फरशी एका बाजूने खचलेली होती, म्हणून मी जरा डुगडुगले. खोट फरशीत होती, पण फरशीला कोण बोलणार? शिपाई करवत घेऊन आला आणि माझा एक पाय बोटभर कापून मोकळा झाला. पाय चुकीचा निघाला. मग त्याने दुसरा कापला. तेव्हापासून मला कुठेही ठेवा, मी डुगडुगतेच. साहेब म्हणाले, "असू दे, उमेदवारच तर बसणार आहेत."

छंद म्हणाल तर मला पुष्कळ आहेत. खालून निघणाऱ्या बसचं इंजिन ऐकून ती कुठल्या चढावर रुसणार ते मी सांगते. माणूस टेकला की त्याचा धंदा ओळखते. शिंपी अगदी कडेला बसतो, ड्रायव्हर पाय पसरून, आणि मास्तरांची पाठ कधी टेकतच नाही. माझ्या फटीत अडकलेली बटणं मी जपून ठेवली आहेत, अजून कुणी मागायला आलेलं नाही. महत्त्वाकांक्षा मात्र एकच. माझ्यावर बसलेल्या माणसाचं म्हणणं समोरच्यांनी शेवटपर्यंत ऐकावं.

मागणं साधं होतं, पण समोर कारकून बसायचे. अक्षर मोत्यासारखं, फक्त मान वर करून माणसाकडे बघायची सवय नव्हती. साहेब "स्वतःविषयी सांगा" म्हणाले, की कारकून खाली मान घालून फरशीवरची माझी टकटक ऐकायचे. टकटक झाली की लिहायचे, 'उमेदवार अस्वस्थ.' असा शेरा पडला की साहेब पुढचं ऐकतच नसत. समोरचा बिचारा वीस वर्षांचा अनुभव सांगतोय आणि इकडे रजिस्टर मिटलेलं. डुगडुगायचे मी आणि खापर फुटायचं त्याच्या डोक्यावर. इतका संताप यायचा, वाटायचं एकदा मोडूनच पडावं. पण मी मोडले असते तरी 'उमेदवार पडला' असाच शेरा लिहिला असता त्यांनी.

आगाराच्या फाटकासमोर एका बाईचं पंक्चरचं दुकान होतं. सगळे ड्रायव्हर तिला पंक्चरवाली ताई म्हणायचे. वडील गेल्यापासून ती एकटीच ते चालवत होती. टायरवर नुसता हात फिरवून तो अजून किती दिवस काढेल ते सांगायची. आगाराला टायरचं भांडार सांभाळायला माणूस हवं होतं. तिच्याइतकं लायक माणूस शोधूनही सापडलं नसतं, पण दोनदा मुलाखत देऊन दोनदा तिला नकाराचं पत्र गेलं. दोन्ही पत्रांत तोच शब्द, अस्वस्थ.

तिसऱ्यांदा ती आली तेव्हा नोकरीची वयोमर्यादा ओलांडायला आठ दिवस उरले होते. रस्ता रुंद करायला तिचं दुकानही पाडणार होते. ही मुलाखत हातची गेली असती, तर पुढे तिच्याकडे काहीच उरणार नव्हतं. ती माझ्यावर बसली आणि मी श्वास रोखून धरला.

"स्वतःविषयी सांगा," साहेब म्हणाले.

"अठरा वर्षं टायरचं काम करते, साहेब. सुट्टीला नदीत पोहते, बंद पडलेली घड्याळं उघडते आणि बाजाची पेटी वाजवते, वाईट वाजवते. या आगाराचं प्रत्येक चाक एकदा तरी माझ्या हाताखालून जावं, एवढी इच्छा आहे."

ती हे सांगायला जरा पुढे झुकली आणि मी दगा दिला. टकटक. कारकुनांचं पेन कागदाला लागलं.

"अस्वस्थ लिहिलंत ना?" ताईने विचारलं. "मी अस्वस्थ नाहीये. ही खुर्ची हलतेय."

साहेब हसले. "दरवर्षी कुणी ना कुणी खुर्चीवरच ढकलतं."

"मग दरवर्षी तीच हलत असेल. तुम्ही बसून बघा ना."

साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण शेजारी आगाराच्या डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बसा हो. मिनिटाचं तर काम आहे."

साहेब नाइलाजाने येऊन बसले. मी जीव ओतून डुगडुगले, आयुष्यात इतकी कधी डुगडुगले नव्हते. ताई उभ्यानेच म्हणाली, "स्वतःविषयी सांगा."

"मी म्हणजे... इथे बावीस वर्षं... आता काय सांगायचं..."

टकटक, टकटक. कारकुनांनी मान वर न करता सवयीने लिहून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी रजिस्टर ओढून घेतलं आणि मोठ्याने वाचलं, "उमेदवार अस्वस्थ. बोलताना अडखळतो. पुन्हा बोलावू नये."

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्या दिवशी ताईची मुलाखत साहेबांच्या खुर्चीत बसून पूर्ण झाली आणि नोकरी तिला मिळाली.

मला मात्र मोडीत काढायचा हुकूम निघाला. ताईने मला उचलून भांडारात नेलं आणि जुन्या टायरचे तुकडे माझ्या आखूड पायांना ठोकले. आता मी हलत नाही. गोष्ट इथे संपवली तर तुम्ही खूश व्हाल, पण मी संपवणार नाही. त्या रजिस्टरात माझ्यामुळे नापास झालेली माणसं अजून तशीच पडून आहेत. ताईने आणि डॉक्टरीणबाईंनी पानं चाळून त्या सगळ्यांची यादी केली. यांना पुन्हा बोलवा, असं साहेबांना सांगितलं. साहेब म्हणतात, "झालं गेलं, आता कशाला उकरायचं?"

मित्रांनो, मला पॉलिश करू नका, माझ्यावर हार घालू नका. तुम्ही मोठे व्हाल तेव्हा टेबलाच्या कुठल्या तरी बाजूला बसालच. अलीकडे बसलात आणि खुर्ची हलली, तर मान खाली घालू नका, उठून सांगा. पलीकडे बसलात, तर शेरा लिहिण्याआधी समोरच्या खुर्चीत एकदा स्वतः बसून या.

आमचं म्हणाल तर आम्ही गप्प बसलेलो नाही. रोज जेवणाच्या सुट्टीत ताई मला उचलून साहेबांच्या दारासमोर ठेवते आणि ती यादी मांडीवर घेऊन बसते. काल साहेबांनी दार उघडून विचारलं, "किती दिवस बसणार आहात अशा?"

ताई म्हणाली, "खुर्ची आता भक्कम आहे, साहेब."